बटण ॲडमिनलाच दिसतं: सेल्सफोर्समध्ये बाहेरचं पॅकेज बसवताना

प्रश्न थोडक्यात असा. म्हापशात मुख्य कार्यालय असलेल्या एका हॉटेल समूहाची बारदेशच्या किनाऱ्यावर तीन हॉटेलं आहेत. लग्नं, कंपन्यांच्या बैठका आणि ट्रॅव्हल एजंटांचे गट यांच्या सगळ्या चौकशा ते सेल्सफोर्समध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या ऑनलाइन प्रणालीत, नोंदवतात. ही प्रणाली सांभाळणाऱ्या तिथल्या ॲडमिन बाईंनी ॲपएक्स्चेंजवरून, म्हणजे सेल्सफोर्सच्या ॲप-बाजारातून, एक पॅकेज (बाहेरच्या विक्रेत्याचं तयार ॲप) घेतलं. कोटेशनची पीडीएफ तयार करून ती पाहुण्याला व्हॉट्सॲपवर पाठवण्याचं काम ते करतं. पॅकेज थेट प्रॉडक्शनमध्ये (रोजच्या खऱ्या कामाच्या प्रणालीत) बसवलं आणि बसवताना ‘फक्त ॲडमिनसाठी’ हा पर्याय निवडला. आता पीडीएफचं बटण त्यांना दिसतं, सेल्सच्या मुलांना दिसत नाही. ओळखीच्या कुणीतरी सुचवलं, की पॅकेज काढा आणि ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ निवडून पुन्हा बसवा. सीझन तोंडावर आला आहे. काय करावं?

पॅकेज काढू नका. तुम्ही निवडलेला पर्याय बरोबर होता. राहिलं आहे ते पुढचं काम, आणि ते इन्स्टॉलच्या बटणाने होत नसतं.

‘फक्त ॲडमिनसाठी’ निवडलं की पॅकेजमधली ऑब्जेक्ट्स (डेटाचे तक्ते), फील्ड्स (त्यातले रकाने) आणि पानं तुम्हाला आणि ‘कस्टमाइझ ॲप्लिकेशन’ ही परवानगी ज्यांच्याकडे आहे त्यांनाच उघडी होतात. बाकीच्यांसाठी सगळं बंद. ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ निवडलं असतं, तर तुमच्या प्रत्येक कस्टम प्रोफाइलला (एका प्रकारच्या वापरकर्त्यांसाठी बनवलेल्या हक्कांच्या संचाला) त्या पॅकेजच्या डेटावर पूर्ण हक्क मिळाला असता. वाचणं, नवीन बनवणं, बदलणं आणि पुसणंसुद्धा. गोव्यातल्या हॉटेलांत ऑक्टोबरला नवी मुलं कामाला लागतात आणि एप्रिल-मेमध्ये त्यातली बरीच निघून जातात. त्यातल्या प्रत्येकाच्या हाती पाठवलेल्या कोटेशनांचा इतिहास पुसायचा अधिकार एका क्लिकमध्ये जातो, आणि नंतर तो एकेका प्रोफाइलमधून वेचून काढत बसावं लागतं. आधी बंद ठेवून हवं तेवढंच उघडणं नेहमी सोपं. म्हणून माझं ठाम मत आहे, की पॅकेज लहान असो वा मोठं, ‘फक्त ॲडमिनसाठी’ याच पर्यायाने बसवावं.

पॅकेज काढून टाकण्यात दुसराही धोका आहे. अनइन्स्टॉल करताना पॅकेजच्या डेटाची प्रत ठेवायची सोय असते, पण ती प्रत फक्त ४८ तास राहते. शिवाय पुन्हा बसवल्यावर तो डेटा आपोआप परत येत नाही. फाइल उतरवून घ्यायची, हाताने इंपोर्ट करायची, कुठलं कोटेशन कुठल्या चौकशीचं हे नातं पुन्हा जुळवायचं. न दिसणाऱ्या एका बटणासाठी एवढं कुणी करू नये.

आता बटण का दिसत नाही ते शोधू. तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण वरचा अडथळा दूर झाल्याशिवाय खालचा कळत नाही.

सगळ्यात आधी लायसन्स. सेटअपमध्ये ‘इन्स्टॉल्ड पॅकेजेस’ उघडा. पॅकेज माणशी लायसन्सवर विकलेलं असेल, तर त्याच्या नावाशेजारी ‘मॅनेज लायसन्सेस’ अशी लिंक दिसेल. तिथे स्वतः जाऊन एकेका वापरकर्त्याचं नाव घालावं लागतं. पॅकेज संपूर्ण ऑर्गसाठी (तुमच्या कंपनीच्या अख्ख्या सेल्सफोर्ससाठी) असेल तर ही लिंक नसते आणि ही पायरी नसते. तिथेच स्थितीही पाहून घ्या. ‘ट्रायल’ लिहिलं असेल तर शेवटची तारीख आत्ताच टिपून ठेवा. मुदत संपली की वापरकर्त्यांना पॅकेज उघडता येत नाही, आणि अशी तारीख नेमकी नाताळच्या आठवड्यात येऊ शकते.

मग परमिशन सेट, म्हणजे एकेका वापरकर्त्याला देता-काढता येणारा परवानग्यांचा गठ्ठा. बहुतेक चांगल्या पॅकेजांबरोबर दोन तरी तयार परमिशन सेट येतात, एक ॲडमिनचा आणि एक साध्या वापरकर्त्याचा. साध्या वापरकर्त्याचा सेल्सच्या मुलांना द्या. प्रोफाइलमध्ये हात घालू नका. प्रोफाइलमध्ये केलेली दुरुस्ती त्या प्रोफाइलच्या सगळ्यांना लागू होते आणि वर्षभराने ती कुणी, कशासाठी केली हे आठवत नाही. ‘सेटअप ऑडिट ट्रेल’, म्हणजे सेटअपमधल्या बदलांची नोंदवही, तर फक्त १८० दिवस मागे नेतो. परमिशन सेटचं तसं नाही. दिला की दिसतं, काढला की जातं. मूळ परमिशन सेटमध्ये काही कमी-जास्त करायचं असेल तर त्याची प्रत काढावी लागते, कारण मॅनेज्ड, म्हणजे विक्रेत्याने कुलूपबंद केलेल्या, पॅकेजमधला मूळ सेट आपल्याला बदलता येत नाही. पण एक ध्यानात ठेवा: पॅकेजची नवी आवृत्ती येते तेव्हा मूळ सेट सुधारला जातो, तुमची प्रत जशीच्या तशी राहते. त्यामुळे शक्यतो मूळ सेटच द्यावा आणि जास्तीचं जे लागेल ते आपल्या वेगळ्या लहान सेटमधून द्यावं.

एवढं करूनही बटण दिसलं नाही, तर घोळ पानाच्या मांडणीत आहे, आणि तुमच्या वर्णनावरून मला हीच शक्यता दाट वाटते. लग्नं, कंपन्या आणि ट्रॅव्हल एजंट यांचे रेकॉर्ड टाइप (नोंदींचे प्रकार) वेगळे असतील तर प्रत्येकाचा पेज लेआउटही (पानाची मांडणी) बहुधा वेगळा असणार. बटण तुम्ही एकाच लेआउटवर ठेवलं असेल, आणि सेल्सच्या मुलांना त्यांच्या प्रोफाइलनुसार दुसराच लेआउट मिळत असेल. ‘पेज लेआउट असाइनमेंट’चा तक्ता उघडून कुठल्या प्रोफाइलला कुठल्या रेकॉर्ड टाइपसाठी कुठला लेआउट लागतो ते वाचा. त्यापुढे लाइटनिंगची, म्हणजे सेल्सफोर्सच्या नव्या पडद्याची, गंमत अशी, की रेकॉर्ड पेजवर ‘डायनॅमिक ॲक्शन्स’ (अटींनुसार बटणं दाखवण्याची सोय) चालू केलेल्या असतील तर लेआउटवर ठेवलेली बटणं मुळात विचारातच घेतली जात नाहीत. तेव्हा बटण लाइटनिंग ॲप बिल्डरमध्ये त्या पानावर ठेवावं लागतं, आणि तिथल्या दृश्यतेच्या अटीही पाहाव्या लागतात. लेआउटवर बटण ठेवून दिवसभर ‘का दिसत नाही’ म्हणून डोकं धरणारी माणसं मी पणजीपासून वेर्ण्यापर्यंतच्या कार्यालयांत पाहिली आहेत, आणि कारण बहुतेक वेळा हेच निघालं.

प्रत्येक पायरीनंतर वापरकर्त्याला फोन करून ‘दिसतं का आता?’ विचारत बसू नका. ‘लॉगिन ॲक्सेस पॉलिसीज’मध्ये ॲडमिनला कुणाही वापरकर्त्याच्या नावाने आत शिरता येण्याची सोय चालू करा आणि स्वतः त्यांच्या डोळ्यांनी पाहा. तुमच्या स्वतःच्या लॉगिनवर केलेली चाचणी इथे काहीच सिद्ध करत नाही, कारण तुम्हाला सगळंच दिसतं.

आता सँडबॉक्सबद्दल, म्हणजे चाचणीसाठी काढलेल्या ऑर्गच्या प्रतीबद्दल, कारण पुढची आवृत्ती तरी तुम्ही तिथेच आधी बसवावी. बसवण्याची लिंक तीच असते, फक्त सुरुवातीला ‘लॉगिन’च्या जागी ‘टेस्ट’ घालायचं. शून्य, चार आणि टी या अक्षरांनी सुरू होणारा पॅकेज आवृत्तीचा क्रमांक तसाच राहतो. डेव्हलपर सँडबॉक्स २०० एमबीचा असतो आणि त्यात तुमचा डेटा येत नाही, फक्त मांडणी येते. बटणं, लेआउट आणि परवानग्या तपासायला तो भरपूर झाला. ‘पार्शल कॉपी’ नावाच्या सँडबॉक्समध्ये ५ जीबीपर्यंत खरा डेटा येतो, आणि मला बोलायचं आहे ते त्याविषयी.

नव्या सँडबॉक्समध्ये सेल्सफोर्स दोन गोष्टी आपणहून करतं. वापरकर्त्यांच्या ईमेल पत्त्यांना ‘इनव्हॅलिड’ असं शेपूट जोडतं आणि ईमेल पाठवण्याची सोय ‘फक्त सिस्टीम ईमेल’वर ठेवतं. त्यामुळे लोक निर्धास्त होतात. पण हे कुलूप फक्त ईमेलला आहे. तुमचं पॅकेज व्हॉट्सॲपचा संदेश बाहेरच्या सर्व्हरला हाक मारून पाठवतं, आणि त्या हाकेला सेल्सफोर्सची ईमेलवरची बंदी लागू होत नाही. सँडबॉक्समध्ये पाहुण्यांचे खरे मोबाइल नंबर आले असतील आणि पॅकेजला तुम्ही खऱ्या व्हॉट्सॲप खात्याची चावी दिली असेल, तर चाचणीचं कोटेशन मुंबईच्या किंवा मँचेस्टरच्या खऱ्या माणसाच्या फोनवर वाजेल. म्हणून सँडबॉक्स तयार झाल्याझाल्या, पॅकेज जोडायच्या आधी, सगळे नंबर बदलून टाका. विक्रेत्याकडे चाचणीचं वेगळं खातं मागा. ते देत नसतील तर सँडबॉक्समध्ये संदेशाची जोडणी करूच नका, पीडीएफपर्यंतच तपासा.

इन्स्टॉल करताना मध्येच एक चौकट येते. पॅकेज ज्या बाहेरच्या संकेतस्थळांशी बोलणार आहे त्यांची यादी, आणि खाली ‘होय, परवानगी द्या’. बहुतेक जण ती न वाचता खूण करतात. ती यादी वाचा, तिचा स्क्रीनशॉट ठेवा आणि प्रत्येक पत्त्यावर आपला कोणता डेटा जातो हे विक्रेत्याला लेखी विचारा. ऑगस्ट २०२५मध्ये ड्रिफ्ट नावाच्या चॅट सेवेची सेल्सफोर्सशी असलेली जोडणी हल्लेखोरांनी वापरली. तिचे टोकन (पासवर्डशिवाय आत शिरू देणाऱ्या डिजिटल चाव्या) चोरून शेकडो कंपन्यांच्या सेल्सफोर्समधला डेटा उपसला गेला. सेल्सफोर्समध्ये भगदाड पडलं नव्हतं. ग्राहकांनी ज्या जोडणीला स्वतः दार उघडून दिलं होतं, त्याच दारातून चोर आले. हॉटेलवाल्यांनी हे फार मनावर घ्यायला हवं. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारी पोर्टलवर भरावी लागते. त्यामुळे पासपोर्ट आणि व्हिसाचे तपशील तुमच्याकडे असतातच, आणि सोयीसाठी कुणीतरी ते कॉन्टॅक्टवरच्या फील्डमध्ये ठेवलेले असतात. पाहुण्याने ते आपल्याला विश्वासाने दिलेले आहेत. कोटेशनच्या पॅकेजला त्यांची काडीचीही गरज नाही.

म्हणून जोडणी कधीही तुमच्या स्वतःच्या ॲडमिन खात्याने मंजूर करू नका. तसं केलं तर तुम्हाला जे जे दिसतं ते सगळं त्या टोकनला दिसतं. वेगळा इंटिग्रेशन वापरकर्ता (फक्त जोडणीसाठीचं खातं) बनवा. एंटरप्राइझ आणि त्यावरच्या आवृत्त्यांमध्ये अशी पाच लायसन्स फुकट मिळतात. त्याला अकाउंट, कॉन्टॅक्ट, अपॉर्च्युनिटी आणि कोट यांतली लागतील तेवढीच फील्ड्स द्या, पासपोर्टची फील्ड्स बंद ठेवा. याचा आणखी एक फायदा असा, की उद्या तुम्ही नोकरी बदललीत आणि तुमचं खातं बंद झालं तरी कोटेशनं थांबत नाहीत. आवृत्ती प्रोफेशनल असेल तर आधी एपीआयची (दोन प्रणालींना आपसात बोलू देणारी) सोय आहे का ते पाहा. त्या आवृत्तीत ती मुळात येत नाही आणि बाहेरच्या सेवेशी बोलणारी बरीच पॅकेजं तिच्यावाचून अडतात.

गोव्यातल्या डेटाबद्दल दोन शब्द, कारण पॅकेज बनवणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं. आपल्याकडे एकाच गावाची तीन-तीन रोमन स्पेलिंगं चालतात. पणजी, म्हापसा, मडगाव, कुठ्ठाळी ही नावं कुणी पोर्तुगीज वळणाने लिहितं, कुणी मराठी वळणाने, कुणी बसच्या पाटीवर पाहिलं तसं. पत्त्यात घर क्रमांक, मग वाडो, मग गाव, मग तालुका. कोटेशनच्या टेम्प्लेटमध्ये हे सगळं ‘स्ट्रीट’ नावाच्या एकाच फील्डमधून येतं आणि पीडीएफवर विस्कटतं. गावाचं नाव पिकलिस्टमधून (ठरलेल्या पर्यायांच्या यादीतून) घ्यायची सवय लावा. तुमच्या ऑर्गमध्ये ‘स्टेट अँड कंट्री पिकलिस्ट’ चालू असेल तर पॅकेजने राज्याच्या जागी मान्य यादीत नसलेलं काहीही लिहायचा प्रयत्न केला, की रेकॉर्ड जतनच होत नाही आणि वापरकर्त्याला एक अगम्य चूक दिसते. विक्रेत्याला हे आधीच विचारून घ्या. मोबाइल नंबरांचंही तसंच. पुढे देशाचा कोड हवा, मध्ये रिकाम्या जागा नकोत. शून्य आठ तीन दोनने सुरू होणारा घरचा किंवा ऑफिसचा फोन मोबाइलच्या रकान्यात असेल तर संदेश जाणार नाही, आणि पाहुणा म्हणेल तुम्ही उत्तरच दिलं नाही.

टेम्प्लेटमध्ये कराचा दर आकड्याने टाइप करू नका. २२ सप्टेंबर २०२५पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यावरच्या खोल्यांना १८ टक्के राहिला. ज्यांनी १२ हा आकडा प्रत्येक टेम्प्लेटमध्ये लिहून ठेवला असेल त्यांना प्रत्येक टेम्प्लेट उघडून दुरुस्त करावं लागलं असणार, आणि त्यातलं एखादं हमखास सुटतं. दर ‘कस्टम मेटाडेटा’मध्ये (सेटिंग्ज साठवायच्या तक्त्यात) ठेवा आणि टेम्प्लेटला फॉर्म्युला फील्डमधून (स्वतः हिशेब करणाऱ्या रकान्यातून) द्या. कस्टम मेटाडेटाचे रेकॉर्ड सँडबॉक्समधून प्रॉडक्शनमध्ये चेंज सेटने (बदलांचा गठ्ठा हलवायच्या सोयीने) नेता येतात. ‘कस्टम सेटिंग्ज’मधली मूल्यं तशी जात नाहीत, ती प्रॉडक्शनमध्ये हाताने पुन्हा भरावी लागतात. तुमच्या पॅकेजची स्वतःची सेटिंग्ज कुठल्या प्रकारात आहेत हे पाहून घ्या आणि हाताने भरायच्या प्रत्येक मूल्याची नोंद एका शीटमध्ये ठेवा.

स्थानिक लग्नांची कोटेशनं देवनागरीत देत असाल तर पीडीएफ पडद्यावर पाहून समाधान मानू नका. ‘श्री’, ‘क्ष’, ‘र्‍या’ असली जोडाक्षरं असलेलं एक पान काढा आणि छापून वाचा. फॉन्ट नीट आधार देत नसेल तर अक्षरं सुटी पडतात. लग्नपत्रिकेइतक्याच आपुलकीने लोक ते कोटेशन घरी वडीलधाऱ्यांना दाखवतात. तिथे नाव तुटलेलं दिसलं तर बोलणंच खुंटतं.

व्हॉट्सॲपच्या बाजूने एक मर्यादा सेल्सच्या मुलांना आधीच समजावून सांगा. पाहुण्याच्या शेवटच्या संदेशानंतर २४ तासांपर्यंत आपण मोकळेपणी लिहू शकतो. त्यानंतर फक्त मेटाने मंजूर केलेल्या टेम्प्लेटमधूनच. पॅकेज बिघडलेलं नसतं, खिडकी बंद झालेली असते. एसएमएसही पाठवणार असाल तर डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणी यंत्रणेवर) शीर्षक, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, आणि मजकूर दोन्हींची नोंदणी लागते. ती आजच सुरू करा, तिला वेळ लागतो.

तुमच्या ऑर्गमध्ये आधीचे फ्लो आणि ट्रिगर (नोंद जतन होताना आपोआप चालणारी कामं) असणार. मान्यताप्राप्त पॅकेजला क्वेरी (डेटा वाचणं) आणि डीएमएलची (डेटा लिहिणं) स्वतःची वेगळी मर्यादा मिळते, त्यामुळे तिथे टक्कर सहसा होत नाही. पण सीपीयूचा वेळ सगळ्यांना मिळून एकच, एका व्यवहाराला १० सेकंद. एक चौकशी जतन करताना काही जाणवणार नाही. ट्रॅव्हल एजंटाने पाठवलेली मोठी यादी एकदम चढवाल तेव्हा रेकॉर्ड २००-२००च्या गठ्ठ्यांनी जातात, आणि तुमचा फ्लो, पॅकेजचा ट्रिगर असं मिळून वेळ संपतो. सँडबॉक्समध्ये २०० रेकॉर्ड एकदम चढवून पाहिल्याशिवाय पॅकेज तपासलं असं मी मानत नाही.

अपग्रेडबद्दल थोडक्यात. विक्रेता नवी आवृत्ती तुम्हाला न विचारताही ढकलू शकतो. त्याला तसं न करता आधी कळवायला सांगा आणि ते लेखी घ्या. नव्या आवृत्तीतली नवी फील्ड्स तुमच्या चालू लेआउटवर आपोआप येत नाहीत, ती स्वतः ठेवावी लागतात. सेल्सफोर्सची स्वतःची तीन रिलीज दरवर्षी येतात, त्यांच्या प्रीव्ह्यूच्या काळात पॅकेज एकदा चालवून पाहा.

आणि बाहेर पडायची वाट आत्ताच मोकळी ठेवा. पॅकेजच्या फील्ड्सना तुमच्या फॉर्म्युल्यात, फ्लोमध्ये, व्हॅलिडेशन रूलमध्ये गुंतवलंत, तर ते सगळं सोडवल्याशिवाय पॅकेज काढता येत नाही. ‘कोटेशन पाठवलं’ ही तारीख तुमच्या कामाला महत्त्वाची असेल तर तुमचं स्वतःचं फील्ड बनवा, एका लहान फ्लोने पॅकेजच्या फील्डमधून त्यात उतरवा आणि रिपोर्ट आपल्या फील्डवर काढा. उद्या दुसरं पॅकेज घेतलं तर फक्त तो एक फ्लो बदलावा लागेल.

ही कामं खरं तर जून ते ऑगस्टमध्ये करायची, हॉटेलं शांत असतात तेव्हा, आणि गणेश चवथीच्या आधी संपवायची. आता तेवढा वेळ नाही, म्हणून या आठवड्यात एवढंच करा. लायसन्स तपासा, साध्या वापरकर्त्याचा परमिशन सेट एका हॉटेलच्या सेल्स टीमला द्या, त्यांच्या लेआउटवर किंवा लाइटनिंग पानावर बटण ठेवा, त्यांच्या नावाने आत शिरून पाहा. जोडणी इंटिग्रेशन वापरकर्त्याकडे वळवा आणि तुमच्या खात्यावरचा जुना टोकन रद्द करा. उरलेली दोन हॉटेलं पहिल्या टीमने आठवडाभर विनातक्रार काम केल्यावर. विक्रेत्याला पाठवायच्या पत्रात तीन प्रश्न घाला: कुठला डेटा कुठल्या सर्व्हरवर किती दिवस राहतो, चाचणीचं खातं मिळेल का, आणि अपग्रेडच्या आधी किती दिवस कळवाल. उत्तर लेखी येईपर्यंत परदेशी पाहुण्यांची कोटेशनं या पॅकेजमधून पाठवू नका, जुन्या पद्धतीने ईमेलवरच जाऊ द्या.